ठाण्याच्या हवेत महागडी बॅग

महागडी डिझायनर हँडबॅग जपून ठेवावी की मोकळेपणाने वापरावी, या प्रश्नाचे उत्तर ठाण्यात राहणाऱ्यांनी आपल्या हवेकडे पाहून द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर, आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. चामड्यावर बुरशी धरायला ७० टक्केही पुरतात. अशा ठिकाणी बंद कपाट म्हणजे सुरक्षित जागा, हा समजच चुकीचा आहे.

चामडे कमावल्यानंतरही त्यात प्रथिने आणि तेलाचा अंश उरतो आणि बुरशी त्यावर पोसते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात हवा खेळत नाही, आणि त्यातही बॅग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असली, तर आत अडकलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याहून वाईट अवस्था पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाची होते. अनेक बॅगांच्या अस्तरावर, आणि ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बॅगांच्या बाहेरच्या बाजूवर, याच पदार्थाचा थर असतो, आणि उष्ण दमट हवेत पाण्याच्या वाफेने त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. ही क्रिया बॅग खांद्यावर असो वा खोक्यात, थांबत नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना त्यांच्या भावाने दुबईहून एका नामांकित कंपनीची काळी बॅग आणली होती. ‘चांगल्या प्रसंगाला काढू’ म्हणून ती वर्षानुवर्षे खोक्यातच राहिली, आणि नातवाच्या मुंजीला बाहेर काढली तेव्हा आतले अस्तर गुळासारखे बोटांना चिकटत होते. “अगं, मी एकदासुद्धा वापरली नाही गं ही,” असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटले, कारण त्यांनी तिला खरोखरच जिवापाड जपले होते. वापरात असलेल्या बॅगेला निदान रोज वारा लागतो, हात लागतो आणि बिघाडाची पहिली खूण वेळेवर दिसते.

मात्र मोकळेपणाने वापरायचे म्हणजे डोळे मिटून वापरायचे नव्हे. बॅग कशाची आहे, हे आधी कळले पाहिजे. मेंढीच्या कोकराचे मऊ चामडे नखाच्या ओरखड्यानेही दुखावते. ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या सकाळच्या गर्दीत ते नेऊ नये. याउलट दाणेदार पोताचे चामडे, शनेलच्या बॅगांबाबत ज्याला ‘कॅव्हिअर’ म्हणतात ते, घासाघीस बरीच सोसते. लुई व्हिटाँचे १८९६ पासूनचे मोनोग्राम असलेले कापड आज लेप दिलेले असते, त्यामुळे पावसाचे थेंब त्यावरून पुसून टाकता येतात. पण त्याच बॅगेच्या पट्ट्यांचे फिकट, वरून लेप न दिलेले चामडे पाण्याच्या एका थेंबाने डागाळते. ते हाताच्या तेलाने आणि उन्हाने हळूहळू मधासारखे गडद होत जाते, आणि मला तरी तो रंग कोऱ्या पट्ट्यांपेक्षा सुंदर वाटतो. फिकट रंगाच्या बॅगेला नव्या जीन्सचा निळा रंग लागला, तर तो सहसा पूर्णपणे निघत नाही. तेवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे.

ज्यांना वापराच्या खुणांची भीती वाटते, त्यांनी अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांची बॅग आठवावी. एर्मेस या फ्रेंच कंपनीने १९८४ च्या सुमारास त्यांच्यासाठी बनवलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ती पहिली ‘बर्किन’ बॅग काळी होती; ती त्यांनी रोज वापरली, तिच्यावर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नेलकटर अडकवले. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात ती सुमारे ८६ लाख युरोंना विकली गेली. अर्थात ती किंमत त्यांच्या नावामुळे आली, आपल्या झिजलेल्या बॅगेला असा भाव येणार नाही. पण पुनर्विक्रीच्या आशेने बॅग न वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मोजकी मॉडेल सोडली तर बहुतेक बॅगांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते. निव्वळ गुंतवणूक म्हणूनच घेतली असेल, तर हवेतला ओलावा काढणारे डीह्युमिडिफायर आणि आर्द्रता मोजण्याचे यंत्रही घ्यायला हवे, आणि तो खर्च हिशेबात धरायला हवा.

माझ्या घरी बॅगा सुती पिशवीत, आत जुने मऊ कापड भरून आणि कपाटात पुरेशी मोकळी जागा ठेवून राहतात. वर्तमानपत्राचा कागद मी भरत नाही, कारण त्याची शाई अस्तराला लागते, आणि डांबराच्या गोळ्याही ठेवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहते. भिजलेली बॅग कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली वाळवते, ऊन किंवा हेअर ड्रायर कधीच दाखवत नाही. कोपरे घासले, काठांचा रंग उडाला किंवा पट्ट्याची शिवण उसवली, तर जाणता कारागीर ते व्यवस्थित करून देतो. चिकट झालेले अस्तर मात्र पावडर टाकून तात्पुरते झाकू नये, ते काढून नवे कापडी अस्तर लावून घ्यावे. जाऊबाईंच्या बॅगेचे तेच करायचे ठरले आहे, आणि त्यानंतर ती रोज भाजी आणायलाही न्यायची, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.