बाथरूमची खिडकी

माप घ्यायला आलेल्या मुलाने टेप खटकन मिटली आणि विचारलं, "काका, काय लावू? लूव्हर, स्लायडिंग की वरून बिजागरीची?" मी म्हटलं, "सांगतो." "दोन बाय दोनचीच तर आहे," तो जिना उतरता उतरता म्हणाला. एवढ्याशा खिडकीला एवढा विचार कशाला, असा त्याचा सूर.

तो गेल्यावर मी स्टूल घेऊन बाथरूममध्ये बसलो. जुनी चौकट काढलेली, भिंतीत नुसता चौकोन आणि त्यात दुपारचं आकाश. अंगावर कपडे असताना, कोरड्या फरशीवर, या खोलीत इतका वेळ मी कधी बसलोच नव्हतो.

दिवाणखान्याच्या खिडकीचं बरं असतं. उघडी राहिली की तिचं काम झालं. या बिचारीने मात्र उजेड आत घ्यायचा, वाफ बाहेर घालवायची, पाऊस अडवायचा, वारा येऊ द्यायचा पण अंग ओलं असताना नाही, आणि नजर तर कधीच नाही.

आमच्या जुन्या न्हाणीघराला लाकडी झडपा होत्या. दमट हवेत त्या अशा फुगायच्या की बाबा गुद्दा मारून उघडायचे. तावदानं दुधी काचेची, आणि कुणीतरी ती उलटी बसवलेली, खरखरीत बाजू आत. हा शोध मला लागला तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. ओलं बोट काचेवर टेकवलं की तेवढ्या जागी धुकं नाहीसं व्हायचं. बोटाएवढं भोक. त्याला डोळा लावला की कपड्यांची दोरी, दोरीवर माझाच शर्ट उलटा लोंबणारा, भिंतीवरून चाललेली मुंग्यांची रांग. पाणी सुकायला लागलं की भोक कडेकडेने मिटत यायचं. मग पुन्हा बोट. तोवर दारावर आईची थाप.

त्यामागचं कारण पुढे फार वर्षांनी कळलं. घासलेल्या काचेवर बारीक खाचा असतात आणि उजेड त्यांच्यात विखुरतो. पाणी त्या खाचा भरून काढतं, आणि प्रकाशाला वाकवण्याच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा काचेच्या बरंच जवळचं, त्यामुळे विखुरणं कमी होतं. कळल्यावर बरं वाटलं. पण जादूचा शेवट त्याआधीच झाला होता. शेजारच्या काकू एकदा आईला हसत म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिडकीतून रोज सकाळी एक डोळा आमच्याकडे बघतो." मी बाहेर बघतो तेव्हा बाहेरूनही दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवसांत तावदानं फिरवून बसवली. गुळगुळीत बाजू आत आली आणि बोट कितीही ओलं केलं तरी काही होईना.

तसाही दुधी काचेवर फार भरवसा ठेवू नये. दिवसा ती सभ्य असते. रात्री आत दिवा लागला आणि माणूस काचेजवळ उभा राहिला की त्याची आख्खी आकृती बाहेर. म्हणून खिडकी डोक्याच्या वर असलेली बरी. नाहीतरी गरम वाफ वरच जाते.

त्या मुलाने सांगितलेल्या तिन्हींत मला मनापासून आवडते ती वरून बिजागरीची. खालून बाहेर ढकलली की छपरासारखी तिरकी राहते, सरळ पडणाऱ्या पावसातही उघडी ठेवता येते. पण आमच्याकडे बाहेरून भिंतीलगत गज आहेत. ती ढकलली तर दोन बोटं उघडेल आणि गजावर आपटेल. स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते, आणि तिच्या खालच्या खाचेत साबणाचं पाणी साचून जे काही तयार होतं त्याला मी जुन्या ब्रशाने वर्षानुवर्षं भेटलो आहे. पुन्हा नको.

राहिली लूव्हर, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. तिच्यावर माझा जुना राग. जिथे जिथे पाहिली तिथे एक तरी पट्टी गळलेली आणि तिच्या जागी पुठ्ठा. पुसायला घ्यावी तर प्रत्येक पट्टीला दोन बाजू, शिवाय बोट कापायला कडा. आणि ती पूर्ण मिटत कधीच नाही. पण स्टूलवर बसल्या बसल्या वाटलं, न मिटणं हाच तिचा गुण असेल. बाकीच्या खिडक्या माणूस थंडीत लावून घेतो आणि उघडायला विसरतो. मग छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि आपण रंगवाल्याला दोष देतो. लूव्हर विसरली तरी श्वास घेत राहते.

संध्याकाळी फोन आला. "लूव्हर," मी म्हटलं.

"बरं. गुळगुळीत बाजू आत घेतो, साफ करायला सोपी."

"हो." मग म्हटलं, "सगळ्यांत वरची एक पट्टी उलटी बसव. खरखरीत आत."

"उलटी? चुकीचं दिसेल काका. आणि एवढ्या वर हात तरी पोचणार आहे का?"

"स्टूल आहे," मी म्हटलं.