येझदीचा ब्लॉक आणि माझे नऊ आठवडे

कुणी घरी जुनं इंजिन खोलायचं मनात धरून बसलं असेल तर बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल, पण ब्लॉक (ज्याच्या आत पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर) बोअर करायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, देण्याआधी नवा पिस्टन हातात असू द्या, आणि ब्लॉक परत घेताना तिथेच उभं राहून मोजून घ्या. पहिली गोष्ट मी केली, दुसरी नाही केली. त्यात नऊ आठवडे गेले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी बाबांची. 1984 ची येझदी रोडकिंग मोटरसायकल, म्हैसूरच्या आयडियल जावाची, ती कंपनी 1996 ला बंदच झाली. टू-स्ट्रोक 250 सीसी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक नि गिअर एकाच दांड्यावर, ज्याने चालवलीय त्याला सांगायला नको. आमचं घर कोकणात, देवगडजवळ जामसंड्यात. अकरा वर्षं गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, पण खारा वारा ताडपत्रीला जुमानत नाही. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आलेली, हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट गंजून फुगलेले, डाव्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. किकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिलो तरी दांडा हलेना. पिस्टन ब्लॉकमध्ये चिकटून बसला होता.

मिरग लागला, बागेचं काम संपलं आणि मी इंजिन फ्रेममधून उतरवून पडवीत टेबलावर घेतलं. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो आणि फराळाच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडलं. गंजलेल्या स्क्रूंना साधा स्क्रू ड्रायव्हर लावू नका, डोकी जातात, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. चिकटलेल्या पिस्टनला मी पहिल्याच दिवशी हातोडा घालणार होतो, तेवढ्यात शेजारचे जुने मिस्त्रीकाका आले, म्हणाले, "आधी तेका तेल पिऊक दी, हातोडो मगे." हेड काढून वरून डिझेल आणि ऑइल निम्मं निम्मं ओतलं, रोज सकाळी थोडी भर घातली. सातव्या दिवशी पिस्टनवर फणसाच्या लाकडाचा ठोकळा ठेवून दोनच ठोके दिले आणि तो सुटला. त्या रात्री मला झोप नाही लागली इतका आनंद झाला.

पुढची साफसफाई म्हणजे डिझेल, टूथब्रश आणि वेळ. एकाने कॉस्टिक सोड्यात सगळं बुडवायला सांगितलं होतं, ते अजिबात करू नका, सोडा अॅल्युमिनियम खातो, हेड आणि क्रँककेस दोन्ही गेलं म्हणून समजा. लोखंडी सायलेन्सरमधला कार्बन काढायला तो चालतो, तोसुद्धा हातमोजे घालून आणि उघड्यावर.

आता ब्लॉक. आत गंजाचे खड्डे पडले होते, नुसत्या पॉलिश पेपरने भागणार नव्हतं. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, 65 मिमी, मी 0.50 मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन त्याच्याभोवतीच्या रिंगसकट कुरिअरने मागवला. जवळपास विश्वासाचं कुणी मिळालं नाही म्हणून फोंडा घाटाने एसटी पकडून कोल्हापूरला गेलो. कोल्हापूर म्हणजे फाउंड्री आणि लेथचं गाव, तिथे काम चांगलंच होणार असं डोक्यात पक्कं होतं. एका दुकानात ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही दिलं आणि कागदावर लिहून दिलं, पिस्टनच्या मापाने बोअर, क्लिअरन्स 3 थाऊ. क्लिअरन्स म्हणजे पिस्टन आणि भिंतीमधली फट. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 3 थाऊ म्हणजे साधारण 0.075 मिमी. आठ दिवसांत देतो म्हणाले.

आठ दिवसांनी फोन केला तर ऑपरेटर गावी गेलाय. पंधरा दिवसांनी केला तर मशीनचं टूल बसलंय. मग घाटात दरड आली, रस्ता बंद. मग गणपती, त्या दिवसांत आमच्याकडे मी कुठे जाणार आणि तिथे कोण काम करणार. गणपती झाल्यावर न विचारताच निघालो, पोचलो तर ब्लॉक माझ्या कागदासकट त्याच कोपऱ्यात तसाच पडलेला, वर धूळ. माझ्यासमोर मशीनवर चढवला आणि संध्याकाळी हातात दिला. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी आत बोट फिरवलं, गुळगुळीत लागलं, पैसे दिले आणि निघालो. इथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी घरी पिस्टन रिंगशिवाय ब्लॉकमध्ये सोडला आणि बाजूने फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघितला. वरच्या बाजूला 3 थाऊची पट्टी व्यवस्थित जाते, खाली मात्र 2 ची पण जात नाही. म्हणजे बोअर निमुळता. टू-स्ट्रोकचा पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि ब्लॉकची आतली भिंत बिडाची, तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं, जागा नसेल तर पिस्टन धरणार, म्हणजे आत अडकणार, आणि धरला की मागचं चाक लॉक. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत, ही गाडी त्यांना चालवायचीय. मी दुकानात फोन केला तर उत्तर काय, चालवा, आपोआप बसेल. मला त्या वाक्याचा अजून संताप येतो. बसते ती रिंगची भिंतीला घासणारी कड, निमुळता बोअर नाही बसत.

परत एसटी, परत घाट. या वेळी काउंटरवरच पिस्टन घालून पट्टी दाखवली, आधी माझी पट्टीच चुकीची म्हणाले, मग त्यांची पट्टी आणायला लावली, तीही अडकली. तेव्हा कुठे होनिंगला, म्हणजे आतून बारीक घासायला, घेतला. बोअर डायल गेज (आतला व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांना, असं सहा ठिकाणी फिरवायला लावलं, सगळीकडे माप जुळलं. अडीच तास उभा होतो. तुम्ही पण हेच मागा, लाजू नका, पैसे आपले असतात.

तरी एक गोष्ट राहिलीच. घरी आल्यावर पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या, वायू जायच्या-यायच्या भोकाच्या) कडेवर बोट अडकलं, कड ब्लेडसारखी. टू-स्ट्रोकमध्ये रिंग पोर्टवरून जाताना किंचित बाहेर फुगते, कड मोडलेली नसेल तर ती अडकते आणि तुटते. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा हलक्या मारून द्यायच्या हे दुकानाचं काम, मी विसरलो आणि त्यांनी केलं नाही. तिसरी फेरी मारायची माझ्यात ताकद नव्हती. मिस्त्रीकाकांनी बारीक गोल कानस दिली, दोन संध्याकाळ बसून एकेक कड जेमतेम मोडली आणि बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. पहिल्या रात्री ब्लॉक नुसता पुसून ठेवला होता, भाद्रपदातल्या दमट हवेत सकाळी आत तांबूस छटा! ताज्या बोअरला लगेच ऑइल फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आपल्याकडे एक रात्रही कोरडा ठेवायचा नाही.

जोडणी त्यामानाने सरळ झाली. क्रँकची ऑइल सील दिसायला ठीक असली तरी बदलाच, इतक्या वर्षांत रबर कडक होतं, तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं आणि नवा पिस्टनसुद्धा धरतो. रिंगचं तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, खाचेतल्या पिनवर बसवायचं, रिंग पिनवर चढवून ब्लॉक दाबलात तर रिंग मोडते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं, वायरमधली तांब्याची एक तार पुरते. पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप मी 0.4 मिमी ठेवला.

पहिल्या किकला काही नाही, चौथीला एक फट, नवव्या किकला इंजिन सुरू झालं. पडवीभर निळा धूर झाला आणि बाबा आतून आले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आवाज तोच आसा. कुणकेश्वराक जावन येवया." मी पुढे, ते मागे, चाळीसच्या वर नेली नाही. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका हे तेव्हा त्यांनीच सांगितलं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. आपल्याकडे सगळे रस्ते चढ-उताराचे, तेव्हा उतारावर क्लच दाबायचा. रन-इनला, म्हणजे नवा पिस्टन रुळेपर्यंत, मी लिटरला 40 मिली ऑइल घालतोय, आतापर्यंत 310 किलोमीटर झाले.

हां, एक लिहायचं राहिलं. गजन पिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनची) सर्कलिप, म्हणजे ती पिन जागेवर धरणारी छोटी कडी, बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. माझी एक सर्कलिप उडाली ती फडक्यावर पडली, नाहीतर क्रँककेस पुन्हा खोलायला लागला असता. आणि जुनी सर्कलिप परत वापरू नका, नवीनच घाला.