कारखान्याचा ‘आजचा ऊस’ नेमका कधी संपतो?

गेल्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या ऊस बिलाच्या सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडे होतं. वापरणाऱ्यांशी बोलून त्यांना काय हवंय ते लिहून काढणं माझ्या वाट्याला आलं. ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, वाहतूकदारांच्या उचली, सगळं आठवडाभरात उरकलं. अडलं ते ‘आजचा’ या एका शब्दावर.

प्रत्येक खात्याला ‘आजचं टनेज’ हवं होतं. मीही शहाणी, ‘दैनिक अहवाल’ असं लिहून पुढे गेले. डेमोच्या दिवशी शेती खात्याचा आकडा एक, अकाउंट्सचा दुसरा, वजनकाट्याचा तिसराच. ‘मॅडम, तुमच्या प्रोग्रामातच गडबड आहे.’ आमची पोरं दोन दिवस कोड उपसत बसली. चूक सापडेना, कारण ती नव्हतीच.

शेवटी एका रात्री तीनला काट्यावर जाऊन बसले. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, मी आठ दिवस मीटिंग हॉलमध्ये चहा पीत होते.) चारचा भोंगा झाला तशी काट्यावरच्या तात्यांनी वहीत लाल पेनाने आडवी रेघ ओढली. रेघेखाली नवा दिवस. थोड्या वेळाने एका खेपेपुढे समासात त्यांनी बारीक ‘मा’ लिहिलं.

‘तात्या, मा म्हणजे?’

‘मागची. भरगाडीचं वजन 3.50 ला झालं, गव्हाणीवर ऊस खाली करून रिकाम्या गाडीचं वजन आत्ता 4.40 ला. आम्ही आजमध्ये धरतो, शेतीवाले कालमध्ये. म्हणून खूण.’

अकाउंट्सचा दिवस तर सरळ रात्री 12 ला बदलत होता. तिघेही आपापल्या जागी बरोबर. ‘कोणते रिपोर्ट हवेत’ हे मी दहादा विचारलं होतं. ‘तुमचा दिवस कधी संपतो’ हे एकदाही नाही.

आणि हा नुसता शब्दांचा घोळ नव्हता. तीच ट्रॉली 16 तारखेच्या पहाटे आली, तर शेतकऱ्याचं बिल पहिल्या पंधरवड्यात की दुसऱ्या? ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. त्या पन्नास मिनिटांना पैशांत किंमत होती.

मग तिन्ही खात्यांना एकाच टेबलाशी बसवलं आणि सहा खऱ्या पावत्या मांडल्या. ‘ही खेप कुठल्या तारखेची?’ एवढंच विचारून मी गप्प बसले. आतापर्यंत माझ्याशी भांडणारे एकमेकांशी भांडू लागले. पाऊण तासाने ठरलं: नक्त, म्हणजे नुसत्या उसाचं, वजन गाडी रिकामी झाल्यावरच कळतं, म्हणून रिकाम्या वजनाची वेळ धरायची, दिवस पहाटे 4 ते 4.

यावर सही हवी होती शेतकी अधिकाऱ्यांची. अकरा दिवस! ‘साहेब गटात गेलेत.’ ‘साहेब चेअरमनसाहेबांबरोबर आहेत.’ एकदा गाठलं तर म्हणाले, ‘ठेवून जा, बघतो.’ ठेवलं होतं या सगळ्या मागण्यांचं 38 पानी इंग्रजी बाड. मीसुद्धा ते दुसऱ्यांदा वाचलं नसतं. मग दोनच पानं मराठीत केली. त्याच सहा पावत्यांच्या झेरॉक्स, प्रत्येकीखाली ‘ही या तारखेत, या बिलात’. ती त्यांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून उभ्याउभ्या वाचली.

सांगायचं राहिलं, जुन्या वह्यांच्या समासांचे फोटो आधीच काढून ठेवा. ‘मा’सारख्या अजून तीन खुणा निघाल्या, त्यातली एक कोणालाच आठवत नव्हती.

साहेबांनी सही केली आणि पेन परत देताना म्हणाले, ‘जळीत उसाच्या बिलातली कपात राहिली की यात.’

‘किती धरायची, साहेब?’

‘ते परिस्थिती बघून.’

जळीतचं वेगळं पान केलंय. त्यावर अजून सही नाही.