टांकसाळ नसलेल्या प्रजासत्ताकाची नाणी

सान मारिनोला जाणारे बहुतेक प्रवासी तीतानो डोंगरावरचे बुरूज पाहतात, दुकाने धुंडाळतात आणि संध्याकाळच्या बसने रिमिनीला परततात. मी गेलो होतो ते तिथल्या राज्य संग्रहालयातली जुनी नाणी पाहायला. चहूबाजूंनी इटलीने वेढलेल्या, जेमतेम 61 चौरस किलोमीटरच्या या प्रजासत्ताकाने आपले पहिले नाणे काढले ते 1864 साली, म्हणजे शेजारी एकसंध इटलीचे राज्य उभे राहून त्याच्याशी 1862 मध्ये मैत्रीचा करार झाल्यानंतर.

ते नाणे तांब्याचे, पाच चेंतेसिमींचे (चेंतेसिमो म्हणजे लिरा या चलनाचा शंभरावा भाग). काचेशी वाकून पाहिले की एका बाजूला किंमत, साल आणि मिलानच्या टांकसाळीची खूण असलेले ‘एम’ हे अक्षर दिसते. दुसऱ्या बाजूला तीन शिखरांवरचे तीन बुरूज, प्रत्येकाच्या माथ्यावर एक पीस आणि या सगळ्यांवर चक्क मुकुट! ज्या राज्याला शतकानुशतके राजाच नाही, त्याच्या बोधचिन्हावर मुकुट कशाला, असे मनात येतेच. पण तो कुणा राजाचा नसून सार्वभौमत्वाचा आहे. वजन पाच ग्रॅम आणि व्यास 25 मिलिमीटर, थेट इटलीच्या नाण्याबरहुकूम. शेजाऱ्याच्या बाजारावरच ज्याचे पोट चालते, त्या देशाला वेगळे माप परवडणारे नव्हतेच. दहा चेंतेसिमींचे नाणे 1875 मध्ये आले. पुढे 1892 मध्ये मिलानची टांकसाळ बंद झाली आणि हे काम रोमकडे गेले.

खरी श्रीमंती दिसते ती 1898 च्या चांदीत. अर्ध्या लिरापासून पाच लिरांपर्यंत चार नाणी एकाच वर्षी पाडली गेली. त्यातले पाच लिरांचे नाणे 25 ग्रॅम वजनाचे असून त्यावर, दंतकथेनुसार पाथरवट असलेला आणि या राज्याचा संस्थापक मानला जाणारा, संत मारिनो उभा आहे. या नाण्यांची संख्या अवघी 18,000 आणि दोन लिरांची तर 10,000. एवढ्याशा नाण्यांवर कुठला बाजार चालणार? माझ्या मते ही चांदी व्यवहारापेक्षा मिरवण्यासाठी अधिक होती, आणि त्यात गैर काही नाही. लहान राज्याला आपले अस्तित्व सतत दाखवावेच लागते.

सान मारिनोची आजची युरो नाणीही रोमच्याच टांकसाळीत पडतात.