नेहमी येणाऱ्यांचे शब्द : नाशिकचा गठ्ठा, दुसरी चाळणी

एखाद्या ठिकाणी नेहमी येणाऱ्या माणसाला नाशिकमध्ये काय काय म्हणतात, त्या शब्दांची ही यादी. ठिकाणावार लावलेली तिची रचना या दुसऱ्या चाळणीत मोडली. देऊळ, बाजार, खानावळ, स्टेशन असे गठ्ठे पाडले की शब्द पटापट जागेवर बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आता पहिला रकाना ‘पाळी’चा आहे: रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षाला. दुसरा रकाना मर्जीचा, म्हणजे माणूस आपणहून येतो की यावं लागतं. त्यापुढे लिंग, कोण कोणाला म्हणतं, आणि ऐकलेलं एक अख्खं वाक्य. वाक्य नसेल तर नोंद कच्ची समजायची.

पाळीचा रकाना सर्वांत आधी ‘वारकरी’ने सार्थ केला. वारी म्हणजे ठरल्या काळाने परत घडणारी फेरी. ती ‘धरतात’ आणि ती ‘चुकते’. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकीइतकाच हा शब्द इथे पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्यांना लागतो. त्याच वाटेवरचा ‘यात्रेकरू’ मात्र आयुष्यात एकदाच आलेलाही असू शकतो. यावरून ‘-करी म्हणजे नेमाचा, -करू म्हणजे तात्पुरता’ असा नियम काढायचा मोह होतो. काढू नये. बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजाराला येणाऱ्यासाठी बाजारकरी आणि बाजारकरू ही दोन्ही रूपं चालतात, आणि भाडेकरू तर वर्षानुवर्षं हलत नाही.

मर्जीचा रकाना लावल्यावर वेगळीच गोष्ट दिसते. फेरीचं नाव भटकतं, माणसाचं नाव भटकत नाही. कोर्टाच्या वाऱ्या होतात, दवाखान्याच्या होतात, पण तिथे खेपा घालणाऱ्याला सरळपणे वारकरी कोणी म्हणत नाही; म्हटलंच तर टोमणा असतो. नाइलाजाच्या बाजूला हेलपाटे, चकरा, खेपा, उंबरे झिजवणं अशी क्रियेची रेलचेल, आणि कर्त्यासाठी एकही नाम नाही. ‘खेटे’ मात्र दोन्हीकडे नोंदवावे लागतात: कचेरीत ते मनाविरुद्ध घातले जातात, आणि कोल्हापूरकडे माघातल्या रविवारी जोतिबाला भक्तीने.

रोजच्या पाळीचा गठ्ठा सर्वांत जाड. टपरीवर ‘रोजचं गिऱ्हाईक’. माणूस कितीही जुना असो, नपुंसकलिंगातच येतो आणि जातो. खानावळीत महिन्याचे पैसे भरणारा ‘मेंबर’. त्याच्या नोंदीला ‘खाडा’ जोडून ठेवावा, कारण न आलेल्या दिवसाला स्वतंत्र शब्द आहे म्हणजेच येणं गृहीत धरलेलं आहे. वाचनालयात ‘सभासद’ आणि ‘वर्गणीदार’. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे तिथे हे दोन्ही घरगुती शब्द आहेत. कट्ट्यावरचा ‘पडीक’ हा शेतजमिनीवरून आलेला, आणि तो एकटा फिरत नाही: ‘कायम तिथेच पडीक असतो’ असं वाक्य पूर्ण लागतं. मत विचाराल तर सगळ्या गठ्ठ्यात चवदार हाच.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणारे ‘पासवाले’ किंवा ‘अपडाउनवाले’. छापील बातमीत तेच ‘चाकरमानी’ होतात. या शब्दाला नोंदीची दोन कार्डं करा. कोकणात चाकरमानी म्हणजे मुंबईहून शिमग्याला, गणपतीला गावी येणारा, म्हणजे पाळी वर्षाची. नाशिक रोडच्या फलाटावर तीच पाळी रोजची.

रामकुंडावरचा ‘यजमान’ कुठल्याच पाळीत बसत नाही. एरवी यजमान म्हणजे पाहुण्याचं स्वागत करणारा (किंवा कुणाचा तरी नवरा). इथे बाहेरगावाहून आलेला पाहुणाच तीर्थोपाध्यायांचा यजमान. तो स्वतः पहिल्यांदा आलेला असला तरी वंशावळीच्या वहीत त्याचे आजे-पणजे असतात, त्यामुळे तो जुनाच. त्याच्यासाठी ‘पिढीची’ अशी पाळी वाढवली आहे. सिंहस्थाच्या बारा वर्षांच्या पाळीचं कार्ड केलं आहे, पण त्यावर माणसाचं नाम अजून आलेलं नाही.

गोळा करताना थेट प्रश्न टाळा. ‘नेहमी येणाऱ्याला काय म्हणता?’ असं विचारलं की समोरचा सावध होतो आणि ‘नियमित ग्राहक’ असं पाटीवरचं मराठी देतो. दुकानदार पोऱ्याला काय सांगतो ते टिपा: ‘अरे, आपलं नेहमीचं आहे, बाकी राहू दे.’ तिऱ्हाईताबद्दल बोलतानाच खरा शब्द निघतो.

संगणकावर यादी ठेवणाऱ्यांना ‘गिऱ्हाईक’ हमखास फसवतो. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एक नुक्तेवाला ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोधात एक सापडतो नि दुसरा गायब, आणि वर्णक्रमही विस्कटतो. ‘तिऱ्हाईत’, ‘वाऱ्या’, ‘पोऱ्या’ यांचंही तेच. यादी लावण्याआधी शोधा-बदलाने सगळे नुक्तेवाल्या रूपात आणा. ‘ई’चा ‘इ’ झालेला असेल तर तो हातानेच तपासावा लागतो.

पुढच्या चाळणीसाठी मार्केट यार्ड आणि तालमी राहिल्या आहेत. आडत्याकडे कायम माल घालणाऱ्या शेतकऱ्याला गाळ्यावर काय म्हणतात, तेवढं वाक्यासकट हवं आहे.