आजींचा ‘गेट’

व्रोत्स्वाफ, पोलंड, मंगळवार, १८ नोव्हेंबर

चारलाच अंधार पडला. शेजारच्या आजी वही घेऊन आल्या. आयुष्यभर ट्रॅम चालवली त्यांनी. शाळेत रशियन होतं, इंग्रजीला हात लावला तो निवृत्तीनंतर, लीड्सच्या नातवासाठी.

बूट काढता काढताच म्हणाल्या, “काल फोनवर तो म्हणाला, ‘यू डोन्ट गेट इट.’ मला काय मिळालं नाही? दोनदा खाली जाऊन टपालपेटी बघून आले.”

पोटात कालवलं. त्यांच्या वहीत ‘गेट’समोर एकच पोलिश शब्द होता: दोस्ताच, म्हणजे मिळणं. पत्र मिळतं, पगार मिळतो, फ्लूसुद्धा ‘मिळतो’. पण कळणं त्यात बसत नाही, त्याला वेगळं क्रियापद आहे.

मग दीड तास त्या एका शब्दावरच गेला. पोलिशमध्ये कामं वाटून दिलेली असतात. ट्रॅममध्ये चढणं वेगळं, उतरणं वेगळं. ‘आय गॉट होम’ला तर त्या अडूनच बसल्या. “पायी की गाडीने?” त्यांच्या भाषेत पायी आलात तर ‘प्शिश्वाम’, गाडीने आलात तर ‘प्शियेहावाम’, आणि दोन्हींत बोलणारी बाई आहे हेही कळतं. इंग्रज यातलं काहीच सांगत नाही, नुसता घरी पोचतो. लग्नाचंही तेच. पुरुषाचं क्रियापद निराळं, बाईचं निराळं. बाईच्या बाबतीत शब्दशः ‘नवऱ्यामागे निघणं’. इंग्रजीत दोघंही ‘गेट मॅरिड’. आजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या.

वहीत अर्थांची यादी वाढत चालली तसा त्यांचा चेहरा उतरला. मला यादी नकोच होती. पाठ केलेली यादी फोनवर नातवापुढे ऐन वेळी आठवत नाही. म्हटलं, ‘गेट’ सोडा, त्याच्या पुढे काय येतंय ते बघा. वस्तू आली तर बहुधा मिळणं. ‘टायर्ड’, ‘डार्क’ असं काही आलं तर होणं. जागा आली तर पोचणं. ‘इट’ आलं तर आधी कळण्याचा अर्थ लावून बघा.

हे मला सुचलं ते आपल्या ‘लागणं’मुळे. त्यांनाही सांगितलं: भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, प्रवासात गाडी लागते, कामाला वेळ लागतो, जावं लागतं, आणि आईचा भाऊ माझा मामा लागतो. यातलं एकही मला कुणी शिकवलेलं नाही. शेजारच्या शब्दावरून आपण अर्थ धरतो, तेही नकळत.

आजींनी ‘लागणं’ पोलिश अक्षरांत लिहून घेतलं. मग खिडकीकडे मान वळवून, एकेक शब्द जपून म्हणाल्या, “इट इज गेटिंग डार्क.” मी टाळी वाजवली. पलीकडे ओस्त्रुफ तुम्स्की या शहराच्या जुन्या भागात एव्हाना दिवे लावणारा माणूस काठी घेऊन फिरत असेल. तिथले गॅसचे दिवे अजून रोज हातानेच पेटवतात.

निघताना दारात थांबल्या. “आणि बाहेर गारठा आहे, तर मला थंडी लागते?”

“नाही. थंडी वाजते.”

“वाजते? घंटेसारखी?”

“हो.”

“का?”

मला सांगता आलं नाही. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.