तुम्ही विचारलंत म्हणून: स्वीट घ्यावा का, क्लब लेव्हल घ्यावी का?

मार्च उजाडला की पुण्यात कर्वेनगरमधल्या आमच्या लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात हा प्रश्न रोज एकदा तरी येतोच. मुलं, आई-बाबा, कधी सासू-सासरे असं सगळं घर मिळून डिस्नेला नाहीतर युनिव्हर्सलला निघालेलं असतं. विमानाची तिकिटं झालेली असतात, व्हिसाची तारीख मिळालेली असते. आणि उठता उठता, जरा आवाज खाली आणून विचारतात, "एवढा खर्च करतोच आहोत, तर थोडे अजून घालून स्वीट घेऊ का? आणि ते क्लब लेव्हल म्हणतात, ते?"

स्वीट म्हणजे हॉटेलातली बसायच्या जागेसकटची मोठी खोली, आणि क्लब लेव्हल म्हणजे खाण्यापिण्याच्या वेगळ्या लाउंजची सोय असलेली खोली. महाग खोलीवर मला कमिशन जास्त मिळतं, हे आधीच सांगून टाकते. तरीही माझं उत्तर असं आहे: स्वीट घ्या, पण आतल्या दारासाठी घ्या. क्लब लेव्हल बहुतेकांनी घेऊ नये.

दाराचं मला कळलं ते 2017 च्या मे महिन्यात. आम्ही पाच जण ऑरलँडोला गेलो होतो. एकच खोली, दोन क्वीन बेड, लेकीसाठी घडीचा पलंग. झोपायला तर जायचंय, असा माझा तेव्हाचा हिशोब. बाबा पहाटे साडेचारला उठतात. पंचवीस वर्षं तळजाईला फिरायला जाणारा माणूस, परदेशातही दोन दिवसांत त्याच घड्याळावर आला. चौथ्या पहाटे मला जाग आली तर त्यांची जागा रिकामी. बाथरूमच्या दाराखालून टॉवेलची कड बाहेर डोकावत होती. दार हळूच ढकललं. बाबा टबच्या काठावर बसले होते, चष्मा लावून, पार्कचा नकाशा मांडीवर उलगडून. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून फट टॉवेलने बुजवलेली. "पोर उठेल गं," एवढंच म्हणाले. आदल्या पहाटेही ते असेच बसले होते, हे आईकडून नंतर कळलं. त्या दिवशी दुपारी बाराच्या आतच ते थकले, आणि आम्हाला वाटलं, वय झालं.

वय नव्हतं झालं, बसायला जागा नव्हती.

म्हणून आता तीन पिढ्या जाणार असतील तर मी आधी खोलीचा नकाशा मागवते, फोटो नंतर. स्वीट या शब्दावर जाऊ नका. ज्युनियर स्वीट म्हणून जे विकतात ती बहुतेक ठिकाणी एकच मोठी खोली असते, कोपऱ्यात सोफा टाकलेला. मध्ये भिंत नाही, दार नाही. दिवा लावला की सगळे जागे.

उलट उदाहरण सांगते. ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन नावाचं हॉटेल 2012 मध्ये सुरू झालं. ते तिथल्या स्वस्त वर्गातलं. पण त्यातले फॅमिली स्वीट सुमारे 565 चौरस फुटांचे आहेत, म्हणजे पुण्यातला ऐसपैस वन बीएचके. दार लागणारी बेडरूम, बाहेरच्या खोलीत सोफा-बेड, सहा जणांची सोय, दोन बाथरूम, शिवाय फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. सकाळी सात वाजता पार्कला निघायचं असतं तेव्हा दोन बाथरूमची किंमत काय असते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना सांगायला नको. मायक्रोवेव्हमुळे आईंचं गरम पाणी होतं, मुलांचं दूध होतं, पाकिटातला उपमा होतो. 2019 पासून तिथून स्कायलायनरच्या, म्हणजे रोपवेच्या, पाळण्यांनी मध्ये कॅरिबियन बीच स्थानकावर एकदा पाळणा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांना जाता येतं. महागड्या हॉटेलातल्या एका सुंदर खोलीपेक्षा हा स्वीट सहा माणसांच्या घराला जास्त सुखाचा, असं माझं ठाम मत आहे.

आता क्लब लेव्हल. पूर्वी तिला कॉन्सिअर्ज लेव्हल म्हणत. या खोल्या घेणाऱ्यांसाठी वेगळा लाउंज असतो: सकाळी ब्रेड, फळं, सीरियल, दुपारी चहा आणि किरकोळ खाणं, संध्याकाळी चटकमटक, मोठ्यांना वाइन-बिअर, रात्री गोड. शिवाय रेस्टॉरंटचं टेबल, तिकिटं, गाडी हे सगळं बघणारी माणसं. ऐकायला छानच आहे. पण तुमचा दिवस डोळ्यांसमोर आणा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, तो अर्धा तास सोन्यासारखा असतो, म्हणून तुम्ही साडेसातलाच बाहेर. परत येणार आतषबाजी बघून, रात्री दहाला. लाउंजमधलं तुम्हाला काय मिळालं? सकाळचा ब्रेड आणि कॉफी. फ्लोरिडात त्यासाठी रात्रीला दोनशे डॉलरचा फरक सहज पडतो, गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. पाच रात्रींचे हजार डॉलर. संध्याकाळी लवकर आलात तरी ताटात मुख्यतः चीज, बिस्किटं, डिप आणि मांसाचे थंड काप. शाकाहारी आईंचं त्यावर भागत नाही.

दोन गैरसमज मात्र मोडलेच पाहिजेत. क्लब लेव्हल घेतली म्हणून राइडची रांग चुकत नाही. डिस्नेमध्ये त्याचे पैसे वेगळे. आणि दोन खोल्यांपैकी एकच क्लबची घेतली, तर दुसऱ्या खोलीतल्या माणसांना लाउंजमध्ये प्रवेश नाही. सासू-सासऱ्यांना साध्या खोलीत ठेवून "आमच्याबरोबर चहाला या" म्हणता येत नाही, आणि ते दाराशी कळलं की फार वाईट वाटतं. नुसता स्वीट घेतल्याने लाउंज आपोआप मिळेल, असंही नाही. विचारून घ्या.

रांगच चुकवायची असेल तर युनिव्हर्सल ऑरलँडोचा हिशोब बघा. तिथल्या पोर्टोफिनो बे, रॉयल पॅसिफिक आणि हार्ड रॉक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येकाला एक्सप्रेस अनलिमिटेड पास मिळतो. सगळ्यात साधी खोली घेतली तरी मिळतो. शिवाय तो चेक-इनच्या दिवशी आणि चेक-आउटच्या दिवशीही चालतो, म्हणजे एक रात्र राहून दोन दिवस. खोली तयार नसली तरी सकाळी पोचून पास घेता येतो. मी कित्येकांना बाकीचे दिवस स्वस्त हॉटेलात आणि एकच रात्र तिथे ठेवलं आहे. मात्र मे 2025 मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कात तो पास चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

तर मग क्लब लेव्हल कुणी घ्यावी? ज्यांच्यातलं एक माणूस दिवसभर पार्कात फिरू शकत नाही त्यांनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंसाठी मी स्वतः आग्रह धरला होता. नातवंडं गेली की त्या दहाला खाली यायच्या, खिडकीशी बसायच्या, दुपारी चहा, मग खोलीवर झोप, चारला पुन्हा लाउंज. तिथल्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा लक्षात ठेवला. परत आल्यावर काकू राइडबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, त्या मुलीबद्दल अर्धा तास बोलल्या. त्यांचे पैसे वसूल झाले, कारण लाउंज उघडा असताना त्या तिथे होत्या.

व्ह्यूचं थोडक्यात. 1971 मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कबरोबरच उघडलेलं कंटेम्पररी हॉटेल, ज्याच्या पोटातून मोनोरेल जाते, तिथल्या टॉवरमधून त्या पार्कची आतषबाजी दिसते. पण ती असते जेमतेम वीस मिनिटं, आणि त्या वेळी मुलांना पार्कातच थांबायचं असतं. तिथल्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सॅव्हाना व्ह्यूचे पैसे मात्र मी देईन. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या गवतात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. टोकियोला डिस्नेसीच्या आतच मिराकोस्टा हॉटेल आहे. तिथे किंवा कुठेही "पार्शियल" असा शब्द दिसला तर मान वाकडी करून बघायची तयारी ठेवा.

खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्यांसाठी एक वेगळीच गोष्ट: कर. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्यावर गेलं की 18 टक्के. 7,400 ची खोली 7,770 ला पडते. काउंटरवर "फक्त पाचशे जास्त" म्हणून 7,900 ची घेतलीत तर बिल येतं 9,322. म्हणजे पाचशेचं अपग्रेड दीड हजाराला. हाच हिशोब पुढे न्या: 14,000 चा स्वीट करासह 16,520, आणि 7,000 च्या दोन खोल्या 14,700. दोन खोल्यांत दोन बाथरूम आलीच, आणि मधलं दार उघडणारं असेल तर तुम्हाला हवा तो स्वीट तुम्हीच तयार केलात.

मात्र तिथे शब्द नीट वापरा. ॲडजॉइनिंग म्हणजे नुसती शेजारची खोली. कनेक्टिंग म्हणजे आतून दार. आणि "रिक्वेस्ट नोंदवली आहे" याचा अर्थ मिळेलच असा नाही. "कन्फर्म" हा शब्द ईमेलवर आल्याशिवाय पैसे भरू नका. मी भरत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही इमॅजिका करून लोणावळ्याला राहिलो, अशाच दोन खोल्यांत. पहाटे अर्धवट जाग आली. मधलं दार ओढून घेतलेलं होतं. पलीकडे किटली खट्‌कन बंद झाल्याचा आवाज आला, मग कपात चमचा फिरल्याचा, मग बाबांचं हळू आवाजात आईला विचारणं, "तुला घालू का गं?" लेक कूस बदलून पुन्हा झोपली.